नौतप्याआधी दोन पायऱ्या खाली

सकाळी साडेनऊला दुकानाचं शटर उचलताना हाताला चटका बसला, की मी समजते, आला. लखनऊचा उन्हाळा कॅलेंडर बघून येत नाही. तो आधी लोखंडात येतो, मग टाकीच्या पाण्यात, मग स्कूटरच्या सीटवर आणि शेवटी माणसांच्या बोलण्यात. एरवी मऊ बोलणारं हे शहर मे महिन्याच्या अखेरीस भाजीवाल्यावर खेकसतं. मी बाराही महिने खेकसते, त्यामुळे या दिवसांत मला इथलंच असल्यासारखं वाटतं.

नौतपा चार दिवसांवर आला आहे. वर्षातल्या सगळ्यांत तापलेल्या नऊ दिवसांना इकडे नौतपा म्हणतात. लोक खिशात कांदा ठेवल्याशिवाय बाहेर पडत नाहीत, कुलरच्या जाळीत नवी खस, म्हणजे वाळा, भरतात, घरोघरी कैऱ्या भाजल्याचा वास सुटतो. माझं या दिवसांचं काम वेगळं असायचं. माझ्या हातचे जेवढे पळवलेले कॉम्प्युटर शहरात होते, त्या सगळ्यांचा वेग मी नौतप्याआधी उतरवून यायची आणि दिवाळीनंतर, रजया बाहेर निघाल्या की, परत चढवायची. आलमबागहून स्कूटरने निघायचं, तोंडाला ओढणी, डिकीत स्क्रू ड्रायव्हर आणि पांढऱ्या पेस्टची ट्यूब. आता आलमबागला माझ्या दुकानावरून मेट्रो जाते, आणि तसले कॉम्प्युटर शहरात उरले नाहीत. एकच आहे. त्याच्यासाठी स्कूटर काढावी लागत नाही.

'पळवणं' हा माझा शब्द. बाकीचे ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. प्रत्येक प्रोसेसरवर कंपनीने एक वेग छापलेला असतो. कॉम्प्युटर सुरू होताना एक बटण दाबून आतल्या सेटिंगमध्ये शिरलं, की तो वेग पायरीपायरीने वाढवता येतो. यात जादू काही नाही. कारखान्यात एकाच तबकडीतून शेकडो प्रोसेसर कापले जातात. काही खरोखर कमजोर निघतात. पण काही चांगले धडधाकट असूनही, बाजारात स्वस्त माल हवा म्हणून, त्यांच्यावर कमी आकडा छापला जातो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दुकानात एकटीच मोठ्याने हसले होते. कमी आकडा छापला जाणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझे बाबा एका संशोधन संस्थेत लॅब अटेंडंट होते. नळ्या धुणं, बर्फ आणणं, यंत्रं पुसणं. वर्ध्याहून आलेला माणूस बत्तीस वर्षं तेच करत राहिला. इथल्या मराठी मंडळात शास्त्रज्ञ, प्रोफेसर, बँकेतले अधिकारी. त्यांच्यात बाबा शेवटच्या रांगेत, पाण्याच्या माठाजवळ बसायचे. कुणी बसवत नसे. स्वतःच जाऊन बसायचे.

मी मात्र दुकान टाकलं. बाई आणि कॉम्प्युटर जोडते, तेही आलमबागच्या बाजारात, हे बघायलाच पहिलं वर्षभर लोक यायचे. बघायला आलेल्याला रिकामा जाऊ द्यायचा नाही हे मी अमीनाबादच्या कापडवाल्यांकडून शिकले. घासाघीसही तिथेच शिकले. तिचं मर्म एकच आहे, वेळ आली की उठून चालायला लागायचं आणि मागे वळून बघायचं नाही. दहा पावलांच्या आत हाक आली पाहिजे. आली नाही, तर आपलं चुकलं.

अमीनाबादलाच रिझवानभाईंचं मिक्सिंगचं दुकान होतं. दुसऱ्या मजल्यावर, गच्चीखालची खोली. लग्नाच्या कॅसेटी आणायच्या, कापायच्या, गाणी टाकायची, नवरानवरीभोवती गुलाबाची पानं उडवायची. हे सगळं जोडून एक फिल्म बाहेर काढायला त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरला अख्खा दिवस लागायचा. महागडं मशीन त्यांना झेपणारं नव्हतं. मी म्हटलं, स्वस्त प्रोसेसर घ्या, महागाच्या चालीने चालवून देते. त्यांनी एवढंच विचारलं, "दीदी, चलेगा कितने दिन?" मी म्हटलं, तीन उन्हाळे, माझी जबान. ते जानेवारीचे दिवस होते. धुक्यात समोरची मशीद दिसत नव्हती. खोलीत बोटं आखडत होती आणि प्रोसेसर गारेगार होता. मी एक पायरी चढवली, चालला. दुसरी, तिसरी, चालला. चौथीला अडखळला, म्हणून मी व्होल्टेज थोडं वाढवलं. मग चौथीवरही चालला, दिवसभर चालला. मी आनंदाने त्याच गल्लीत मक्खन मलाई खाल्ली. थंडीच्या दिवसांत फेसासारखी जी मिळते, ती. ऊन चढलं की तिचं पाणी होतं. खाताना हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. माझ्या पोटात यश राहत नाही. ती बोलणी फिरत फिरत डॉक्टर परांजप्यांपर्यंत गेली. बाबा ज्यांच्या लॅबमध्ये होते ते हे परांजपे. मंडळात सगळे त्यांना काका म्हणतात. मी म्हणत नाही.

त्या साली मंडळाच्या वाचनालयाला दोन कॉम्प्युटर घ्यायचे होते. माझ्या दरांचा कागद गेला होता. एक मेचा, महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम संपला, आणि अध्यक्षांनी विषय काढला, तसे परांजपे उभे राहिले. म्हणाले, "चाबूक मारून पळवलेला प्रोसेसर वर्षभरात मरतो. हे विज्ञान आहे. आपल्या मंडळाला तसला माल नको." मग थोडं हसून म्हणाले की, मधुकरच्या मुलीचं कौतुकच आहे, पण हा विषय बाजारात शिकण्याचा नाही. चार लोक हसले. कॉम्प्युटर दुसरीकडून आले.

मला राग कशाचा आला ते नीट सांगते, कारण इतकी वर्षं लोक समजतात की ऑर्डर गेली म्हणून. मंडळासाठी मी पळवलेलं मशीन देऊ केलंच नव्हतं. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, कंपनीच्या वेगावर. त्यांनी तो वाचलाही नव्हता. आणि शेवटच्या रांगेत बाबा आपल्या चपलांकडे बघत होते. मी उठून काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांनी मान वर न करता फक्त हात खाली दाबला. बस. मी बसले. ते बसणं मला अजून पचलेलं नाही.

त्यानंतर तीनच आठवड्यांत रिझवानभाईंचा फोन आला. तो माणूस घर जळत असलं तरी आधी खुशाली विचारील. खुशाली विचारली, बाबांची तब्येत विचारली, मग म्हणाले, "दीदी, ज़रा तकलीफ़ दे रहा हूँ. दूल्हा आधा घोड़ी पर चढ़ा है, और वहीं अटक गया है."

पडद्यावरचा नवरदेव एक पाय रिकिबीत आणि एक हवेत असा थिजला होता. सकाळपासून चार वेळा सुरू केलं, चारही वेळा तिथेच. दुपारी दोनला मी अमीनाबादला पोचले. लू, म्हणजे इकडचा तापलेला वारा, अशी होती की रिक्षावाल्याने निम्म्या वाटेत रिक्षा सावलीला लावून, 'अब आप पैदल निकल लीजिए' म्हटलं, आणि भांडायला माझ्या तोंडात थुंकी नव्हती. वर खोलीत गच्चीचा स्लॅब तव्यासारखा तापलेला. कुलर होता, पण त्याच्या दमट हवेने कॅसेटी खराब होतात म्हणून बंद. कॅबिनेटचं पत्र्याचं झाकण मला हातात धरवेना.

चूक माझ्या ध्यानात आली. जानेवारीची थंडी मी माझ्या हुशारीत मोजली होती. मुंबई-पुण्याच्या माणसाकडून ही चूक होणार नाही, कारण तिथे जानेवारी आणि मे एवढे एकमेकांना अनोळखी नसतात. इथे एकाच खोलीत वर्षातून दोन वेगळे देश येऊन जातात.

बाजारातला उपाय मला ठाऊक होता. अडखळतो? आणखी व्होल्टेज द्या. सगळे तेच करत. मशीन लगेच चालायला लागतं, गिऱ्हाईक खूश, आणि वर्षभरात प्रोसेसर खलास. म्हणजे परांजप्यांचं वाक्य खरं करायला मला फक्त एक बटण दाबायचं होतं. आणि दाबलं नाही तर नवरदेव घोडीवर चढत नव्हता. मी रिझवानभाईंना एक दिवस मागितला. त्यांनी नवरीच्या बापाला काय सांगितलं देव जाणे. मला म्हणाले, आप इत्मीनान से कीजिए.

संध्याकाळी घरी बाबा गच्चीवर पाणी शिंपडत होते. मी चिडून सगळं सांगितलं. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नसे. त्यांनी बादली खाली ठेवली आणि विचारलं, "मे महिन्यातही तेवढ्याच जोरात चालवतेस?"

मग सेंट्रिफ्यूजची गोष्ट सांगितली. नळ्या गरागरा फिरवून आतला गाळ खाली बसवणारं ते यंत्र. दुसऱ्या लॅबमध्ये तसलंच एक यंत्र उन्हाळ्यात मोटर जळून बंद पडलं होतं. साहेबांच्या, म्हणजे परांजप्यांच्या, लॅबमधलं मात्र चाललं, कारण तिथे एक नियम होता. एप्रिल संपला की फेऱ्या कमी, वेळ जास्त. गाळ तेवढाच बसतो. "साहेबांचा नियम आहे तो," बाबा म्हणाले. "रजिस्टरमध्ये लिहिलेला."

साहेबांचा. मला तो नियम थुंकून टाकावासा वाटला. पण दुसऱ्या दिवशी मी अमीनाबादला गेले, व्होल्टेज कंपनीच्या आकड्यावर परत आणलं, वेग चौथ्या पायरीवरून पहिलीवर उतरवला, आणि बसून राहिले. रिझवानभाईंनी घरून आम पन्ना मागवला. फिल्म पूर्वीपेक्षा सावकाश पुढे सरकत होती, पण सरकत होती. चारच्या सुमाराला नवरदेव घोडीवर चढला. रिझवानभाई पडद्याकडे बघत म्हणाले, "देर से सही, बारात तो पहुँची." दिवाळीनंतर मी परत गेले आणि वेग तिसऱ्या पायरीवर नेला, व्होल्टेजला हात न लावता. हिवाळ्यात तीन, उन्हाळ्यात एक. माझं गणित तेव्हापासून ते.

प्रोसेसरचं आयुष्य कशाने जातं, हे मी नंतर मिळेल तिथून वाचून काढलं, आणि ते समजावून सांगायला मला चिकनकारीचा, लखनवी भरतकामाचा, कुर्ता बरा वाटतो. प्रोसेसरच्या आत धातूच्या तारांचं विणकाम असतं, केसाहून शेकडो पट बारीक. वीज त्यातून धावते तेव्हा धातूचे कण जरा जरा पुढे ढकलत नेते. एके ठिकाणी तार झिजते, दुसऱ्या ठिकाणी साठते. कुर्ता प्रत्येक धुण्यात थोडा विरतो, तसंच. पण रोज धुतला म्हणून कुर्ता फाटत नाही. गार पाण्यात हलक्या हाताने धुतला तर वर्षानुवर्षं जातो. उकळत्या पाण्यात टाकून दगडावर आपटला तर तीन महिन्यांत जाळी सुटते. नुसता वेग म्हणजे धुण्याची संख्या. उकळतं पाणी म्हणजे उष्णता, आणि आपटणं म्हणजे व्होल्टेज. परांजपे म्हणाले ते विज्ञान खोटं नव्हतं, अर्धं होतं. आणि उरलेलं अर्धं बाजारात होतं, जिथे त्यांच्या मते शिकण्यासारखं काही नव्हतं.

मी प्रामाणिकपणे सांगते, आयुष्य कमी होतं. कंपनीच्या आकड्यावर निवांत ठेवला असता तर तो प्रोसेसर कदाचित वीस वर्षं चालला असता. पण वीस वर्षं कुणाला हवी होती? त्याच्या आधीच जग पुढे जातं आणि चालू मशीनं भंगारात जातात. धडधाकट स्थितीत, छापील आकड्यावर, एकदाही न धावता. मी अशी मशीनं पोत्यांनी पाहिली आहेत. मला त्यांची कीव येते.

तीन उन्हाळ्यांची जबान होती. रिझवानभाईंच्या खोलीत ते मशीन नऊ उन्हाळे चाललं. कॅसेटी गेल्या, डिस्क आल्या, डिस्क गेल्या, पेन ड्राइव्ह आले. दरवर्षी नौतप्याआधी मी जिना चढायची, धूळ काढायची, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट बदलायची, दोन पायऱ्या उतरवायची. बख्शी का तालाबकडे एका शाळेत माझी चार मशीनं होती, ती सात उन्हाळे चालली. मंडळाने दुसरीकडून घेतलेले दोन कॉम्प्युटर चौथ्या वर्षी बंद पडले, धुळीने, कुणी झाकण उघडून पाहिलं नाही म्हणून. ही बातमी मला ज्या बाईने सांगितली तिला मी चहा पाजला.

नवव्या उन्हाळ्यानंतरच्या हिवाळ्यात रिझवानभाईंचं मशीन तिसऱ्या पायरीवर अडखळलं. दुसरीवर मात्र चोख. मी त्या पडद्याकडे पाहत थोडा वेळ बसले. झीज समोर दिसत होती, अगदी एका पायरीएवढी. त्याच वर्षी रिझवानभाईंनी मिक्सिंग बंद केलं. लोक आता मोबाइलवरच सगळं करतात, म्हणाले. मशीन त्यांनी माझ्या हवाली केलं, पत्र्यावरून हात फिरवून.

ते मी घरी नेलं नाही. ई-रिक्षात घालून सरळ परांजप्यांकडे नेलं. काय बोलायचं ते नऊ वर्षं पाठ होतं. ते निवृत्त झाले होते, काठी आली होती. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मी कॅबिनेट ठेवलं, जोडलं, सुरू केलं आणि सांगितलं की हे ते चाबूक मारलेलं. त्यांनी चष्मा लावला, पडद्यावरचे आकडे वाचले, झाकण काढायला लावून आत पाहिलं. मी वाद घालायला आले होते आणि हा माणूस खरोखर बघत होता, हे मला आवडलं नाही.

"मे महिन्यात काय करायचीस?" त्यांनी विचारलं.

"वेग उतरवायची. फेऱ्या कमी, वेळ जास्त."

त्यांनी मान वर केली. हे कुणी सांगितलं, विचारलं. मी म्हटलं, बाबांनी. तुमचाच नियम म्हणून सांगितला.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "माझा कुठला? मधुकरनेच मला सांगितलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात. मी हसलो होतो, तरी तो तसंच चालवत राहिला. दुसऱ्या लॅबमधलं यंत्र जळल्यावर रजिस्टरमध्ये लिहून घेतलं आणि खाली सही केली."

पाठ केलेलं सगळं निरुपयोगी झालं. नऊ वर्षं मी ज्या नियमाच्या जोरावर जिंकत होते, आणि ज्याच्यामुळे मला प्रत्येक विजयात एक खडा लागत होता, तो आमच्या घरचाच होता.

मग मी भानावर आले आणि माझ्या धंद्याला, म्हणजे घासाघिशीला, लागले. ते म्हणाले, मधुकरला फोन करून हे कबूल करतो. मी म्हटलं, नको. म्हणाले, घरी येऊन भेटतो. मी म्हटलं, तेव्हा घरी येऊन बोलला नव्हतात. मंडळाच्या अंकात चार ओळी लिहितो, म्हणाले. मी वायर काढली, कॅबिनेट उचललं आणि दाराकडे चालू लागले. जड होतं, पण मागे वळले नाही. सातव्या पावलाला हाक आली.

"थांब. एक मेला बोलतो. तिथेच."

एक मेला ते काठी टेकत उभे राहिले. म्हणाले की, उन्हाळ्यात तीन हजार फेऱ्यांवर उतरवून आपल्या लॅबचं सेंट्रिफ्यूज जे इतकी वर्षं टिकलं, त्यामागचा नियम मधुकरराव वानखेड्यांचा होता, सही तेवढी माझी. यंत्राचं आयुष्य कसं जपायचं हे मला त्यांनी शिकवलं, आणि त्यांच्या मुलीला जे येत होतं ते मी विचारून न घेता नाकारलं. मधुकरराव. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. लोकांनी आधी कुठे बघायचं ते न कळून इकडेतिकडे पाहिलं, मग माठाच्या दिशेने वळून टाळ्या वाजवल्या. बाबा चपलांकडे बघत होते.

परतताना ते स्कूटरवर मागे बसले होते. चारबाग स्टेशन आलं. मग कानाशी म्हणाले, "साहेबांनी फेऱ्यांचा आकडा चुकीचा सांगितला. तीन हजार नाही, अडीच."

मी स्कूटर बाजूला घेतली आणि विचारलं की, साहेबांचा नियम आहे असं मला का सांगितलं. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाले, "माझा म्हटला असता तर कुणी पाळला असता? मोटर जळायला नको होती." मी तिथेच रस्त्यावर त्यांच्यावर ओरडले. एक पोलीस थांबून बघायला लागला. बाबांनी त्याला शांतपणे सांगितलं, "बेटी है, गर्म है. अभी ठंडी हो जाएगी." मी झाले नाही. ते दुखणं माझं अजून आहे, फक्त आता परांजप्यांच्या नावावर नाही.

मशीन तेव्हापासून घरी आहे. बाबा त्याच्यावर पत्ते खेळतात, एकट्याने खेळायचे ते. खेळताना स्वतःला फसवत नाहीत आणि मशीनलाही फसवू देत नाहीत. नुसत्या पत्त्यांसाठी त्याला पळवायची काहीच गरज नाही. पण हिवाळ्यात दोन पायऱ्या चढवलेल्या असतात. तो आमच्या घरचा हट्ट आहे.

आज दुपारी दुकान लावून घेऊन मी घरी जेवायला आले. बाहेर लू दारावर धडका देत होती, कुलरमधून खसचा ओला वास येत होता. मी मशीन बंद केलं, परत सुरू केलं आणि बटण दाबून आत शिरले. खुर्ची ओढली, तेवढ्यात बाबा म्हणाले, "सरक. मी करतो."

चष्मा वर ढकलून त्यांनी ओळ शोधली. एक पायरी खाली. दुसरी खाली. आता मशीन बरोबर तिथे आलं होतं, जिथे कंपनीने त्याला छापून ठेवलं होतं. त्यांनी कॅबिनेटच्या पत्र्यावर तळहात ठेवला, ताप बघतात तसा, आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"म्हातारं झालंय," ते म्हणाले. "पण तेवढंही नाही."

आणि त्यांनी एक पायरी परत वर चढवली.